एका छपराखालच्या टपालपेट्या

वाचकहो, आपल्या घरी ई-मेलचे पत्ते किती, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांचे उत्तर 'एकच, मुलाने काढून दिलेला' असे येईल. त्यात वावगे काही वाटतही नाही. शिधापत्रिका एक, विजेचे मीटर एक, गॅसची जोडणी एक. मग ई-मेल तरी वेगवेगळे कशाला? परंतु ज्या घरात दोन-तीन पिढ्या एकत्र नांदतात, आणि त्यातही ज्या घरात कोणी ऐंशी ओलांडलेले आहे, तेथे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो प्रकृतीचा होतो. हे विधान आपणांस अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

आमचे घर वाशिमचे. मामंजी डाक खात्यातून १९९७ साली निवृत्त झाले, तेव्हा वाशिम हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. अकोला जिल्ह्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. आम्ही उभयता जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेले; धाकटा मुलगा, सून आणि नात आमच्यासोबत असतात; थोरला पुण्यास, आणि नणंदबाई अमेरिकेत न्यू जर्सीला. मधल्या खोलीत एक संगणक आहे. २००९ साली तो घरी आला, तेव्हा एका जाणत्या विद्यार्थ्याने आमच्या आडनावाचा एक ई-मेल पत्ता काढून दिला आणि तोच पुढे सर्वांचा झाला. बँकेत तो दिला गेला, गॅसच्या कार्यालयात दिला गेला, परीक्षांच्या अर्जांवर लिहिला गेला, मामंजींच्या पेन्शनच्या कागदांवर गेला आणि अखेरीस रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतही गेला. पुढे घरात वाय-फाय आले, प्रत्येकाच्या हाती फोन आला, आणि मधल्या खोलीतील ती एक पेटी वाशिमपासून न्यू जर्सीपर्यंत सात फोनांवर उघडू लागली.

सोय म्हणून ही व्यवस्था उत्तम होती, हे मान्य केलेच पाहिजे. प्रवेशपत्र कोणी ना कोणी पाहत असे, विजेचे देयक चुकत नसे, नणंदबाईंनी धाडलेली छायाचित्रे एकाच वेळी सर्वांना दिसत. घरातील बारा भानगडी एका जागी सापडत. तरुणांना तर त्यात काहीच अडचण नव्हती, कारण त्यांनी आपापले स्वतंत्र पत्ते केव्हाच काढून घेतले होते. सामाईक पेटीत राहिले होते ते फक्त म्हातारे.

२०१८ च्या उन्हाळ्यात मामंजींना रात्री लघवीसाठी चार-चार वेळा उठावे लागू लागले. डॉक्टरांनी रक्ताच्या काही तपासण्या सांगितल्या. त्यांत पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित तपासणी होती. अहवाल ई-मेलने आला आणि सर्वप्रथम पुण्यात उघडला गेला. आकडा मर्यादेच्या बराच वर होता. नातवाने इंटरनेटवर त्याचा अर्थ शोधला, घाबरून वडिलांना कळवले, आत्यालाही कळवले. सायंकाळी न्यू जर्सीहून फोन आला, 'बाबा, तुम्ही काही काळजी करू नका.' मामंजी ओसरीवर बसले होते. अहवाल आला आहे हेच तोवर त्यांना ठाऊक नव्हते. फोन ठेवून ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग एवढेच म्हणाले, "माह्या नावाचं पत्र साऱ्या जगानं वाचलं, अन् मले आखरीले समजलं."

येथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा अहवाल येत असेल. पीएसएचा आकडा वाढलेला असणे म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. वयानुसार ग्रंथी मोठी झाली तरी तो वाढतो. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असला तरी वाढतो. आकड्याचा अर्थ रुग्णाला तपासून आणि आवश्यक तेथे पुढील चाचण्या करूनच लावायचा असतो. मामंजींच्या बाबतीत ग्रंथी मोठी झालेली निघाली, औषध सुरू झाले आणि रात्रीचे उठणे एकावर आले. म्हणजे तीन घरांत दोन दिवस जी घालमेल झाली, ती एका अर्धवट वाचलेल्या आकड्यामुळे.

पण मामंजींना लागले होते ते आकड्याचे नव्हे. त्यांची नोकरी खेड्यापाड्यांतील डाकघरांत गेली. त्या काळी पत्र आले की ते वाचून दाखवण्याचे कामही डाकघरातील माणसाकडेच येई. मुलगी सासरी सुखी नाही, भावाने हिस्सा मागितला आहे, मुंबईला गेलेला मुलगा पैसे पाठवू शकत नाही, हे सारे त्यांनी परक्यांच्या अंगणात बसून वाचले आहे आणि त्यांची उत्तरे लिहून दिली आहेत. त्याविषयी ते आम्हांला कधी काही सांगत नाहीत. नातीने एकदा खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "वाचाचं, सांगाचं, अन् इसरून जाचं. त्याचाच तं पगार भेटे." अशा माणसाला त्याच्याच घरात त्याच्या नावाचे पत्र शेवटी मिळावे, यातील बोच मला त्या संध्याकाळी स्पष्ट दिसली.

दुसरी हकीकत सासूबाईंची आहे आणि ती मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. "लिहून टाक, एखादीले कामी पडंल," असे त्यांनीच म्हटले. त्याच सुमारास त्यांनी लग्नकार्यांना जाणे हळूहळू बंद केले होते. बालाजीच्या दर्शनाला नित्यनेमाने जाणाऱ्या बाईने मंदिरही सोडले. कारण गुडघ्यांचे सांगत, आणि गुडघे खरोखरच दुखत असल्यामुळे त्यावर कोणाचा अविश्वास नव्हता. पाणी मात्र त्या फार कमी पिऊ लागल्या होत्या. आठ महिन्यांनी उलगडा झाला. खोकताना, शिंकताना, जिना चढताना त्यांना लघवी आवरत नव्हती. ही गोष्ट लेकीला सांगावी असे त्यांना रोज वाटे. फोनवर बोलावे तर ओसरी ते माजघर सर्वांना ऐकू जाते. आणि ई-मेल लिहावे तर ते 'पाठवलेले' या सदरात घरभर दिसते. मुलगे, नातू, नातसून होऊ घातलेली, कोणीही उघडावे आणि वाचावे. म्हणून त्यांनी ते पत्र आठ महिने लिहिलेच नाही.

आपण विचार करावा. औषध गावात होते, डॉक्टर गावात होते, लेक ऐकायला तयार होती. मध्ये आडवी आली होती ती एक टपालपेटी. उतारवयातील स्त्रियांमध्ये ही तक्रार अतिशय आढळते आणि बहुतेकींच्या बाबतीत ती उपचारांनी कमी होते. ओटीपोटाच्या तळाशी असणाऱ्या स्नायूंचे व्यायाम नेटाने काही आठवडे केले तर पुष्कळ फरक पडतो. कधी मूत्रमार्गातील संसर्ग हे कारण निघते, तर कधी चालू असलेले एखादे औषध. पाणी कमी पिणे हा उपाय नाही. त्याने बद्धकोष्ठ होते, चक्कर येते, संसर्ग बळावतो. आणि घाईघाईने रात्री अंधारात उठताना पडून मांडीचे हाड मोडले, तर पुढील सारे आयुष्यच बदलते. सासूबाईंना एका स्त्री-डॉक्टरांनी व्यायाम शिकवले. आता त्या मंदिरात जातात. गुडघ्यांची कुरकुर चालूच आहे.

मग आम्ही पेट्या वेगळ्या केल्या. त्या कशा केल्या, हे सांगण्यापूर्वी थोडे विषयांतर करते. निवृत्त शिक्षिकेची सवय आहे, आपण सांभाळून घ्याल.

आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी, आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी. मामंजींना त्यांचा मोठा अभिमान. वाशिमचा पिनकोड ४४४५०५. पहिला ४ महाराष्ट्र आणि शेजारच्या प्रांतांच्या विभागाचा, पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी जेथे होते त्या जिल्ह्याचे, आणि शेवटचे तीन पत्र वाटणाऱ्या डाकघराचे. म्हणजे हे सहा आकडे पत्राला डाकघरापर्यंत आणून सोडतात. तेथून घरापर्यंत पोस्टमन आणतो. आणि घरातील नेमक्या माणसापर्यंत? ते घराच्या चालीरीतींवर सोडलेले असते. पत्र सुनेच्या नावाचे असले तरी आधी सासऱ्यांच्या हाती जाई, हे आपणही पाहिले असेल.

ई-मेलचे तसे नाही, आणि हे मला मोठे नवलाचे वाटले. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकच प्रचंड संगणक अनेक माणसे मिळून वापरत. एकाची दुसऱ्याशी गाठ पडत नसे. म्हणून यंत्रातच एकमेकांसाठी निरोप ठेवण्याची सोय केली गेली. यंत्र एक, माणसे अनेक, आणि प्रत्येकाची पेटी निराळी, अशी ती मांडणी होती. पुढे १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडण्याची युक्ती काढली, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्यांनी ॲटचे चिन्ह ठेवले. त्या चिन्हाच्या डावीकडे माणूस असतो. घर नव्हे, कुटुंब नव्हे, एक माणूस. आपण मात्र त्या डाव्या जागी आडनाव लिहून आपल्या एकत्र कुटुंबाला तेथे नेऊन बसवले.

'म्हाताऱ्या माणसांना आता कसले आले खासगीपण?' असे आमच्या एका आप्तांनी विचारले. त्यांना मी सांगितलेली गोष्ट आपणांसही सांगते. खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तो ज्यांच्या याचिकेवर दिला, ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. २०१२ साली त्यांनी ती याचिका दाखल केली तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते.

आता व्यवस्थेकडे येते. मामंजींचा पत्ता निराळा काढला, सासूबाईंचा निराळा. दोघांचा मिळून एक नव्हे, हे मुद्दाम सांगते. पुष्कळ घरांत म्हाताऱ्या जोडप्याला एकच पत्ता काढून देतात आणि काम झाले असे समजतात. पत्त्यात जन्मवर्ष घातले नाही, कारण बँकेची किंवा पेन्शनची पीडीएफ उघडताना पासवर्ड म्हणून बहुधा जन्मतारीखच मागितली जाते. ती पत्त्यावरच कशाला लिहून ठेवायची? मधल्या खोलीतील संगणकावर प्रत्येकाच्या नावाचे वेगळे खाते उघडले. विंडोजमध्ये ही सोय आधीपासूनच असते; सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' या ठिकाणी जाऊन नवा वापरकर्ता जोडायचा असतो. याचा लाभ केवळ गुप्ततेचा नाही. मामंजींचे खाते उघडले की अक्षरे मोठी दिसतात, बाण मोठा दिसतो, पडद्यावर चारच चित्रे असतात. नातीचे खाते उघडले की तिचा गोंधळ तिच्यापाशी. पूर्वी ती अक्षरे लहान करून जाई आणि मामंजींना वाटे डोळेच अधू झाले. उठताना विंडोजची कळ आणि एल ही अक्षराची कळ एकत्र दाबली की पडद्याला कुलूप लागते. एवढी एक सवय घरात सर्वांना लागायला तीन महिने गेले.

जुन्या सामाईक पेटीचे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. ती आम्ही बंद केली नाही. वीज, गॅस, घरपट्टी, पाणीपट्टी यांसाठी ती ठेवली. दवाखाना, पेन्शन आणि बँक ही तीन ठिकाणे मात्र एकेक करून ज्याच्या त्याच्या पत्त्यावर नेली. त्यास दोन महिने लागले आणि प्रत्येक खिडकीवर 'आधीचा चालतच होता ना?' हे ऐकावे लागले.

खरा प्रश्न पुढे होता. पेटी स्वतःची झाली, पण ती उघडणार कोण? मामंजींच्या हाताला कंप आहे, सासूबाईंच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. मदत तर लागणारच. सर्वसाधारणपणे आपण काय करतो? पासवर्ड मुलाला सांगून टाकतो. म्हणजे घराच्या किल्ल्या देताना घराचा उताराच देऊन टाकण्यासारखे झाले. पासवर्ड ज्याच्याकडे, तो पासवर्ड बदलूही शकतो. यावर जीमेलमध्ये एक चांगली सोय आहे, तिची माहिती फार थोड्यांना असते. संगणकावर सेटिंग्जमधील खात्यांच्या पानावर आपल्या पेटीचा प्रवेश दुसऱ्या व्यक्तीला देता येतो. त्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या पत्त्यावर निमंत्रण जाते. तिने ते स्वीकारले की ती स्वतःच्या पासवर्डने आपली पेटी उघडू शकते, पत्रे वाचू शकते, आपल्या वतीने उत्तर देऊ शकते. पासवर्ड मात्र ती बदलू शकत नाही. आणि आपल्याला वाटले त्या दिवशी आपण हा प्रवेश काढून घेऊ शकतो. यापेक्षा नेमकी वेगळी अशी 'वाचून दाखवणाऱ्या माणसाची' जागा मला दुसरीकडे दिसली नाही. एक लक्षात असू द्यावे: प्रवेश मिळालेली व्यक्ती पत्र पुसूही शकते, म्हणून माणूस पारखूनच निवडावा. चुकून पुसलेले पत्र कचऱ्याच्या पेटीत ३० दिवस राहते.

मामंजींनी हा प्रवेश मला दिला. सासूबाईंनी तो न्यू जर्सीला लेकीला दिला. चाळीस वर्षे एका घरात काढल्यावर मला क्षणभर काहीतरी वाटले खरे, नाही म्हणत नाही. पण आपले मन कोणापुढे उघडायचे, हे त्यांनी ठरवायचे. शिवाय लेक दूर असल्यामुळे तिच्यापुढे त्यांना संकोच कमी वाटतो, हेही हळूहळू माझ्या ध्यानात आले. रोज ज्याच्यासमोर जेवायचे असते, त्याला सगळेच सांगता येते असे नाही.

वाचून दाखवण्याचीही एक रीत आम्ही ठरवली आहे. ती मामंजींचीच, डाकघरातली. सकाळचा चहा झाला की मी त्यांच्या खुर्चीच्या शेजारी, किंचित मागे बसते. माउस त्यांच्या हातात असतो. आधी पाठवणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचायचे आणि थांबायचे. ते 'वाच' म्हणाले तरच पुढे. 'राहू दे' म्हणाले तर ते पत्र तसेच राहते. वाचलेल्याची चर्चा जेवणाच्या ताटावर करायची नाही. हाताचा कंप असला तरी उत्तर ते स्वतः देतात. फोनच्या कळपट्टीवर मराठी निवडून ध्वनिचित्र दाबले की बोललेले शब्द देवनागरीत उमटतात. वऱ्हाडी बोलले की ते यंत्र गडबडते, म्हणून मामंजी त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलतात, हे ऐकण्यासारखे असते.

काळजी घेणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट आपल्या माणसाला अहवाल येण्यापूर्वीच विचारून ठेवावी: 'अहवाल आधी तुम्ही पाहणार की मी पाहून सांगू?' मामंजींचे उत्तर ठाम, 'आधी मी'. सासूबाईंचे उत्तर अगदी उलट. त्यांना आकडे पाहायचेच नाहीत, डॉक्टर काय म्हणाले तेवढे हवे. पेटी आपली असणे यात न वाचण्याचाही अधिकार येतो. आणि दोघांच्याही बाबतीत एक पथ्य पाळतो: तपासणीचा अहवाल रात्री उघडायचा नाही. रात्री डॉक्टर भेटत नाहीत, झोप मात्र जाते, आणि त्याने रक्तदाब वाढतो तो वेगळाच. सकाळी उघडावा, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावा.

नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याची धांदल आपल्याही घरी होत असेल. डिजिटल हयात प्रमाणपत्राची 'जीवन प्रमाण' ही योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून घरबसल्या तो दाखला काढता येतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. गर्दीत जाण्याचे कारण नाही. या ॲपमध्ये आधी 'ऑपरेटर' म्हणून एका व्यक्तीची नोंद करावी लागते, तिचा आधार क्रमांक, मोबाइल आणि ई-मेल देऊन. ती व्यक्ती घरातील कोणीही असू शकते, आणि एकदा नोंद झाली की ती घरातल्या इतरांचेही दाखले काढू शकते. आमच्याकडे ते काम धाकट्याकडे आहे. त्याचा पत्ता ऑपरेटरचा म्हणून आणि वडीलधाऱ्यांचा पत्ता पेन्शनरचा म्हणून, अशी सरमिसळ न करता दिली, तर पुढच्या वर्षी 'ओटीपी कोणाकडे गेला?' हा घरभर होणारा पुकारा वाचतो.

पासवर्ड कोठे ठेवावा, यावर तरुण मंडळींचे आणि माझे जमत नाही. त्यांच्या मते कागदावर लिहिणे म्हणजे अज्ञान. माझ्या मते ऐंशीव्या वर्षी पाठ करायला लावणे म्हणजे निर्दयपणा. सासूबाईंनी तो एका वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे आणि वही त्यांच्या लुगड्यांच्या ट्रंकेत आहे, जिची किल्ली त्यांच्या कमरेला असते. वाशिममध्ये त्या ट्रंकेइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. पासवर्ड विसरला तर पेटी परत मिळवण्यासाठी जो फोन क्रमांक लागतो, तो त्यांचाच असावा, नातवाचा नसावा. नातू नोकरी बदलतो, क्रमांक बदलतो, आणि पेटी अडकून पडते.

लबाडांविषयी थोडक्यात. स्वतंत्र पेटीमुळे म्हातारी माणसे एकटी पडून फसतील, अशी भीती काहींना वाटते. आमचा अनुभव निराळा आहे. सामाईक पेटीत शंभर पत्रांच्या गर्दीत बँकेचे खोटे पत्र बेमालूम मिसळून जाते. ज्या पेटीत आठवड्याला पाच पत्रे येतात, तेथे परके पत्र लगेच उठून दिसते. 'तुमचे पेन्शन बंद होईल, येथे दाबा' असे पत्र आले तेव्हा मामंजींनी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला आणि म्हणाले, "पेन्शनवाले इतक्या लाडानं लिहीत नसतात." तरीही पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवण्याची शक्यता अधिक असते. 'डिजिटल अटक' नावाचा कोणताही प्रकार कायद्यात नाही, हे घरातील ज्येष्ठांना एकदा नव्हे, चार वेळा सांगावे.

अवघड भाग शेवटी राहिला. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली तर काय? आपण दिलेला प्रवेश कोणाला दिला हे आठवत नाही, तीच पत्रे पुन्हा उघडली जातात, एकाच देयकाचे पैसे दोनदा भरले जातात. ही वेळ आलीच तर कुटुंबाने पेटी ताब्यात घ्यावी, पण ती कोणी घ्यावी हे त्या माणसाने शहाणपणात असतानाच सांगून ठेवलेले असावे. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नये. साधे मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची समज गेली की, कायद्याने टिकत नाही. दोन वर्षे न उघडलेले खाते गूगल पुसून टाकू शकते, हेही ध्यानात असावे. त्याच खात्याच्या सेटिंग्जमध्ये, आपण तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने आत आलो नाही तर काय करावे, हे आधीच लिहून ठेवण्याची सोय आहे: कोणाला कळवावे, कोणाला कोणता भाग पाहू द्यावा, की सारे पुसावे.

हा विषय काढायला मला जड जात होते. मामंजींनीच तो सोपा केला. डाकघरात न वाटल्या गेलेल्या पत्रांचे काय होई, ते सांगत सांगत त्यांनी आपली निवड सांगितली. त्यांची पेटी नातीला जाणार आहे, दवाखान्याचे कप्पे वगळून. सासूबाईंनी थोडा वेळ घेतला. दोन दिवसांनी त्या संगणकापाशी आल्या, शेजारी बसल्या, आणि लेकीची पत्रे कोणीच वाचायची नाहीत, सगळे पुसून टाकायचे, असे त्यांनी सांगितले. सहा महिन्यांची मुदत निवडून तशी नोंद करून दिली आहे.